अर्धा कप चहा आणि १२,१९९ रुपये

खोट्या लॅपटॉप सर्व्हिस सेंटरने मला केवढ्याला फसवलं, तो आकडा आधीच सांगून टाकते. व्हिजिटचे ४९९, ॲडव्हान्स ३,०००, लॅपटॉप परत देताना ८,७००. बिल नाही. आणि ही फसलेली बाई कोण, तर पतसंस्थेत १८ वर्षं कॅशियर. हसायचं त्यांनी हसून घ्या.

शनिवारी रात्री लेकाच्या लॅपटॉपवर चहा सांडला, दूध-साखरेचा. सोमवारी त्याचं प्रोजेक्ट सबमिशन. लगेच बंद केला, चार्जर काढला, उलटा घातला, इथवर सगळं बरोबर. मग नणंदेचं ऐकून रात्रभर तांदळात. तांदळाने काही होत नाही, साखर आतल्या आत वाळते आणि बटणं चिकटतात. सकाळी लॅपटॉप चालू झाला, फक्त ई, आर आणि स्पेसबार मेले होते. चालू झाला होता, हे लक्षात ठेवा.

रविवार, दुकानं बंद. कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. वर येते ती जाहिरात असते, हे मलाही माहीत आहे. पण लेक डोक्यावर बसला होता. सर्व्हिस सेंटरचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, बस.

तासाभरात पोरगा हजर. गळ्यात कंपनीच्या लोगोचं ओळखपत्र, बोलणं गोड. मागचं झाकण उघडलं, मान हलवली, "मॅडम, मदरबोर्डला पाणी लागलंय, लॅबला न्यावं लागेल."

ॲडव्हान्ससाठी त्याने क्यूआर पुढे केला. स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला. काउंटरवर रोज दहा जणांना सांगते, "काका, नाव बघून पैसे पाठवा." तो म्हणाला, "आमचं पेमेंट तिकडूनच होतं मॅडम." आणि मी पिन टाकला. तो एक क्षण अजून रात्री डोळ्यांसमोर येतो.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जळक्या बोर्डाचा फोटो आला, ८,७०० सांगितले. मंगळवारी लॅपटॉप घरी. सबमिशन तर हुकलंच. दोन दिवसांत स्पेसबार परत बंद! मग ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझ्यासमोर उघडला. आतला बोर्ड निळा, फोटोतला हिरवा. कीबोर्ड जुनाच, बटणांखाली चहाचा तपकिरी थर तसाच. रॅम, म्हणजे लॅपटॉपची काम करायची मेमरी, १६ जीबीची ८ झालेली. त्याने नवीन कीबोर्ड बसवून १,८५० घेतले, बिलासकट. लॅपटॉप हातातून सोडण्याआधी रॅम आणि एसएसडीच्या (फाइली साठवतो तो भाग) लेबलचे फोटो काढा, सिरियल नंबर दिसतील असे.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लागायला २५ मिनिटं. तिकडून प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" हो बाई, मीच पाठवले, फसवल्यावर माणूस स्वतःच पाठवतो! चौकीत हवालदार म्हणाले, "हे सिव्हिल मॅटर आहे." रॅम चोरली ती पण सिव्हिल? तर म्हणे रॅमचं बिल आणा. वर, "चहा लांब ठेवायचा ना ताई." साहेब बंदोबस्तावर, गुरुवारी या. गुरुवारी गेले, साहेब रजेवर. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनने तक्रार घेतली, कंपनीकडे पाठवली. कंपनीचं एका ओळीचं उत्तर: तो माणूस आमचा नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही म्हणून तिकडे निघाले, तर सामनेवाल्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे काय, एक बंद नंबर आणि एक क्यूआर. पत्ता पोलिसांनी काढायचा, आणि पोलीस म्हणतात सिव्हिल!

तरी यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, १९३० ला लगेच फोन करा. मी चार दिवस लाजेने घरात कुणाला सांगितलंच नाही, तोवर त्या खात्यात काय उरणार?

काल परत शोधून पाहिलं. तीच जाहिरात सगळ्यात वर आहे, फक्त नंबर बदललाय.