पाच लिटरचा कुकर, आठ महिन्यांनंतर: भांडं उत्तम, रिंगबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागतंय

पाचव्या महिन्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तेव्हा हा अनुभव पहिल्यांदा लिहायला घेतला होता. तो मसुदा फार कडक होता: दोन तारे, रिंग टाकाऊ, घेऊ नका. आता आठ महिने झालेत, तिसरी रिंग चालू आहे आणि त्यातला निम्मा मजकूर मागे घ्यावा लागतोय. निम्माच. उरलेली तक्रार कायम आहे आणि ती कंपनीला सहज दूर करता येण्यासारखी आहे.

कुकर पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, बाहेरच्या झाकणाचा. शिट्टी सुटी, सोबत जाळी आणि तीन डबे. चार माणसांचा वरणभात आणि वर एखादी उकडायची भाजी एवढं रोज निघतं. आयएस २३४७ चा, म्हणजे घरगुती कुकरच्या भारतीय मानकाचा, आयएसआय मार्क आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचाच आहे, तेव्हा मार्क नसलेला कुकर कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नका.

आता रिंग. साडेतीन महिन्यांनी शिट्टी उशिरा यायला लागली. आधी आठ-नऊ मिनिटांत यायची, ती बारा-पंधरावर गेली. मुठीच्या डाव्या बाजूला काठावरून पाण्याचे थेंब ओघळायचे. इथेच थांबायला हवं असतं, पण बहुतेक घरांत उलट होतं. शिट्टी येत नाही म्हणून गॅस मोठाच ठेवला जातो, वाफ फटीतून जात राहते, जाळीखालचं पाणी आटतं, बूड कोरडं तापतं आणि मग सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू वितळून वाफेला वाट करून देतो. म्हणजे व्हॉल्व्ह उडाला हे बिघाडाचं लक्षण नाही, त्याने आपलं काम चोख केलं. तो डाग देऊन किंवा एम-सील भरून परत वापरायचा नाही. नवाच बसवायचा, आणि त्याच कंपनीचा.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं की पाच वर्षांची हमी भांड्यापुरती आहे. रिंग, व्हॉल्व्ह, शिट्टी, मुठी तिच्यात येत नाहीत. कार्डावर तसं छापलेलंही आहे, त्यामुळे पैसे द्यायला हरकत नव्हती. संताप वेगळ्याच गोष्टीचा आला. ‘पाच लिटरला हीच लागते’ म्हणून दिलेली रिंग एक माप मोठी निघाली. झाकण फिरेना, जोर लावून फिरवलं तर रिंगला एका जागी घडी पडायची. रिंग लिटरवर ठरत नाही, तोंडाच्या व्यासावर ठरते. पाच लिटरचाच कुकर उंच-अरुंदही असतो आणि बसका-रुंदही. हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाला माहीत नसावं, आणि रिंगवर मापही छापलेलं नसावं, याला काय म्हणायचं? जुनी रिंग घेऊन परत जावं लागलं, शेजारी-शेजारी धरून जुळवावी लागली. एका रबरासाठी तीन खेपा.

इथवरचं सगळं पहिल्या मसुद्यात होतं. यापुढचं नव्हतं.

बरोबर मापाची नवी रिंगसुद्धा दहा दिवसांत गळायला लागली, आणि बरोबर त्याच जागी, मुठीच्या डावीकडे. रिंग दोषी असती तर गळती जागा बदलत राहिली असती, कारण धुऊन परत लावताना रिंग फिरतेच. म्हणून कुकर रिकामा करून ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर पालथा घातला. तो किंचित डुगडुगला. काठाखालून मोबाइलचा टॉर्च मारला तर एका जागी बोटभर रुंदीची उजेडाची रेघ दिसली. काठाला पोचा होता.

तो कसा पडतो हे कोणत्याही स्वयंपाकघरात दिसेल. वरण किंवा उसळ कुकरमध्येच ढवळली की डाव झटकायला काठावर दोनदा आपटला जातो. उजव्या हाताने ढवळणाऱ्याचा डाव रोज एकाच जागी आपटतो. ॲल्युमिनियम मऊ असतं, शंभरेक दिवसांत काठ बसतो. शिवाय अंगाच्या मुठीचा स्क्रू अर्धा फेरा सैल झाला होता, त्यामुळे झाकणाची आणि खालची मूठ नेमकी एकावर एक येत नव्हती. काठ सरळ करून घेतला, स्क्रू आवळला, आणि तीच ‘गळकी’ रिंग पुढे दोन महिने बिनतक्रार चालली. तिसरी रिंग लावली ती दुसरी म्हातारी झाली म्हणून, गळली म्हणून नाही. तेव्हा रिंग बदलायच्या आधी कुकर पालथा घालून बघा, स्क्रू बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

रिंगची रोजची निगा एवढीच. कुकर पडला, झाकण निघालं की रिंग लगेच काढायची. साध्या साबणाने हातानेच धुवायची, घासणी नको. खोबणीत डाळीचा पिवळा साका बसलेला असतो, तो अंगठ्याने निघतो. तो राहिला की रिंग तिथे उचलली जाते. मग खिळ्याला टांगून सावलीत वाळवायची, आणि दुसऱ्या दिवशी उलट बाजूने लावायची म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिंग आत ठेवून झाकण लावून कुकर मांडणीवर ठेवायचा नाही. दिवसभर दाबली गेलेली रिंग चपटीच राहायला शिकते. झाकण पालथं ठेवा. रिंग फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. त्याने सैल झालेली रिंग आकसते आणि त्या वेळेचा कुकर होऊन जातो, पण तापली की पुन्हा जैसे थे. ती वेळ आली की नवी आणायची. काठाला कणीक लावून चालवणं तर नकोच. आणि एक जादा रिंग आणून ठेवा, एकच. पडून पडून रबर तसंही कडक होतं.

रिंगवर एवढं लिहिलं, कारण कुकरचं बाकी सगळं गणित तिच्यावर उभं आहे. शिट्ट्या मोजण्याचंही. ‘वरणाला चार, छोल्यांना आठ’ असं आपण सर्रास सांगतो, पण शिट्टी हे वेळेचं माप नाही. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वाफ वजन उचलते आणि बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक गॅसवर त्यालाच वीस मिनिटं लागतात. दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांना उकळतं, उघड्या पातेल्यात १०० ला. एकदा तो दाब आला की मोठ्या गॅसने तापमान वाढत नाही, फक्त जास्त वाफ बाहेर जाते. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं.

भिजवलेल्या तुरीच्या डाळीला आणि भाताला बारीक गॅसवर सहा-सात मिनिटं. अख्ख्या मध्यम बटाट्यांना दहा-बारा. रात्रभर भिजवलेल्या काबुली चण्यांना वीस ते पंचवीस. मोड आलेल्या मटकीला शिट्टी व्हायच्या बेतात आली की बंद, नाहीतर लगदा होतो. मग गॅस बंद करून कुकर आपोआप पडू द्यायचा. त्या दहा-बारा मिनिटांत आतली उष्णता फुकट काम करत असते. नळाखाली धरून कुकर पाडला की हा फायदा गेला. वर दाब एकदम उतरल्याने डब्यातलं वरण उसळी मारतं आणि तापलेल्या रिंगला गार पाण्याचा फटका बसतो तो वेगळाच. घाईच असेल तर डावाने शिट्टी उचलून वाफ सोडायची, पण ती नुसत्या बटाट्यांच्या वेळी. डाळीच्या वेळी नाही.

याचा हिशेब पैशातही मांडता येतो. मोठा बर्नर पूर्ण सोडला तर ताशी साधारण १५० ते १७० ग्रॅम गॅस जळतो. रोजची दहा मिनिटं वाचली की २५ ग्रॅमच्या वर, महिन्याला पाऊण किलो, वर्षाला ९ किलोंच्या पुढे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला अर्ध्याहून जास्त गॅस! कुकर तोच, डाळ तीच.

डब्यांबद्दलचं मतही बदललं. सुरुवातीला वाटलं, नको ते डबे, तीन भांडी जास्त घासा. आता डब्यांशिवाय कुकर लावणं पटत नाही. काठावर डाव आपटायचा प्रश्न येत नाही, झाकणावर शिट्टी बसते त्या नळीत डाळ अडकत नाही आणि एकाच गॅसवर तीन गोष्टी होतात. जाळीखाली दोन वाट्या पाणी. खालच्या डब्यात एक वाटी डाळ, अर्धा तास भिजवलेली, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेल विसरू नका, फेस त्याने दबतो. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. मधल्या डब्यात भात: नव्या तांदळाला पावणेदोन पट पाणी, जुन्याला सव्वादोन. सगळ्यात वर बटाटे, दुधी किंवा बीट, पाण्याशिवाय, आणि त्यावर ताटली, कारण झाकणाला लागलेलं पाणी टपकून वरचा डबा पचपचीत होतो. मीठ, चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावर. आंबट आधी घातलं की डाळीचा दाणा कडकच राहतो, मग कितीही वेळ द्या.

सुटी शिट्टी झाकण लावल्याबरोबर ठेवायची नाही. नळीतून वाफ सलग, सरळ यायला लागली की अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, मग ठेवा. तोवर आतली हवा निघून जाते. हवा अडकून राहिली तर दाब दिसतो पण तापमान पुरेसं चढत नाही, आणि वरच्या डब्यातला भात मधोमध कच्चा राहतो. नळीतून आरपार दिसतंय ना, हे झाकण लावण्याआधी उजेडाकडे धरून रोज बघायचं. शिट्टीतून पिवळं पाणी उडून मागच्या टाइल्सवर शिंतोडे बसत असतील तर कारण तीनांपैकी एक असतं: डबा जास्त भरला, तेल राहिलं, किंवा पहिल्या शिट्टीनंतर गॅस मोठाच राहिला.

आतून काळं पडणं ही ॲल्युमिनियमची खोड आहे, जड पाण्याच्या भागात जास्त. जाळीखालच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटुक टाकलं की पडत नाही. ते गरम पाणी नंतर तेलकट कढईत ओतायचं, अर्धी कढई त्यानेच सुटते. आंबट आमटी किंवा कढी रात्रभर या कुकरात ठेवू नका, बारीक खड्डे पडतात आणि ते जात नाहीत. स्टीलच्या कुकरला हा ताप नाही, पण उष्णता तळाशी सारखी पसरत नसल्याने डब्यांशिवाय शिजवलेलं खाली लागतं.

मुठी चांगल्या आहेत, तापत नाहीत. सोबतची जाळी मात्र पातळ आहे, एका बाजूला वाकली. झाकणाची पकड अजून पहिल्यासारखी.

चार तारे देतोय. पाचवा अडलाय तो रिंगवर आणि झाकणाच्या आत माप न छापण्यावर. दोन आकडे छापायला कितीसा खर्च येतो? ते होईपर्यंत तोंडाचा आतला व्यास टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा, मॉडेल नंबर आणि रिंग लावल्याची तारीख सोबत लिहा, आणि तो कागद ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दुकानात जाताना त्याचा फोटो न्या, आणि जुनी रिंगही पिशवीत टाका.