घरच्या पुस्तकांची डागडुजी: काय विकत घ्यावे, काय घरातलेच वापरावे

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत पुस्तकांचे एक कपाट असतेच, आणि त्यात श्रीसयाजी साहित्यमालेतील एखाददुसरा ग्रंथ, आजोबांनी वर्षावर्षाने बांधून घेतलेले मासिकांचे अंक आणि आजीच्या हातची पदार्थांच्या कृतींची वही हे सारे एकाच फळीवर दाटीवाटीने नांदत असते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अशी बरीच कपाटे रिकामी करून पुस्तके पंख्याखाली वाळवावी लागली, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक मला एकच गोष्ट विचारत आले आहेत: दुरुस्तीचे सामान घरीच आणून ठेवायचे, तर नेमके काय घ्यावे? माझा हिशेब असा आहे की कागद, खळ, दोरा आणि कापड या वस्तू दुरुस्तीनंतर पुस्तकात कायमच्या राहतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तडजोड करू नये. काम संपल्यावर जे खणात परत जाते, त्यासाठी घरातील पर्याय बहुतेक वेळा पुरतो.

ऑनलाइन मिळणारा तयार संच घ्यावा की एकेक वस्तू जमवावी, हा पहिलाच प्रश्न असतो. संच दिसायला आकर्षक असतो, पण अशा बहुतेक संचांतील दोरा मेण चढवलेला जाड पॉलिएस्टरचा असतो आणि टोचाही तितकाच जाड असतो, कारण हे सामान मुळात चामड्याच्या कामाचे आहे. चामड्याच्या वेष्टनाची रोजनिशी करायची असेल, तर ते चालेल. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाच्या फर्म्यांतून, म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेल्या पानांच्या जुडग्यांतून, तो दोरा ओढला, तर घडीवरचा कागद दोऱ्यानेच कापला जातो. म्हणून जुन्या पुस्तकांसाठी संच घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

खरी निवड चिकटवण्याच्या पदार्थात आहे, आणि बहुतेकांची चूकही तिथेच होते. सुताराकडे मिळणारा पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, लवकर सुकतो, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि घट्ट धरतो. नव्या वह्या, पुठ्ठ्याचे डबे, भेटकार्डे आणि आकाशकंदील यांच्यासाठी त्याच्याइतका सोयीचा पदार्थ नाही. मात्र एकदा सुकला की तो पाण्याने सुटत नाही, आणि साध्या प्रतीचा असेल तर काळ जाईल तसा त्यातून आम्लही सुटते. आजोबांच्या एका पुस्तकाच्या कण्यावर मी हाच गोंद सढळ हाताने चोपडला होता. दोन वर्षांनी पुस्तक उघडले, तेव्हा कणा जिथल्या तिथे होता आणि गोंदाच्या रेषेला लागून पाने ओळीने तुटलेली होती. कागदापेक्षा सांधा बळकट झाला की असेच होते, कारण वाकण्याचा सगळा ताण त्या सांध्याशेजारच्या जीर्ण कागदावर येतो, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी तो सांधा उकलताही येत नाही.

याउलट खळ पाण्याने पुन्हा मऊ होते, म्हणजे आज झालेली चूक पन्नास वर्षांनीही कोणाला सुधारता येते. मैद्याची साधी खळ मात्र मी शेवटच्या पसंतीला ठेवतो, कारण मैद्यातील ग्लुटेन पिवळे पडते, कडक होते आणि कसरीला व झुरळांना आवडते. पुस्तकांच्या संवर्धनाचे काम करणारे लोक ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च वापरतात. बाहेर तो महाग पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडयांसाठी जो गव्हाचा चीक काढला जातो, तो मुळात हाच स्टार्च आहे. कुरडयांच्या चिकाची वेगळी वाटी काढून ठेवावी, त्यात मीठ व हिंग घालू नये, निवळलेल्या चिकावरचा करडा थर खरवडून टाकावा आणि खालचा पांढराशुभ्र गोळा ताज्या पाण्यात आणखी दोनदा ढवळून, निवळून घ्यावा, म्हणजे आंबल्याने आलेले आम्ल धुऊन जाते. उन्हात खडखडीत वाळवून बरणीत भरला, तर हा चीक वर्षभर पुरतो.

कुरडयांचा मोसम नसेल, तर मैद्याचा घट्ट गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवावा आणि मग पाण्याने भरलेल्या पातेल्यात तो हाताने चोळत राहावे. पाणी दुधासारखे होत जाते आणि शेवटी हातात रबरासारखा ओढला जाणारा एक गोळा उरतो, तेच ग्लुटेन. पातेल्याच्या तळाशी रात्रभरात बसते ते आपल्या कामाचे. वाळलेल्या स्टार्चच्या एका वाटीला सुमारे पाच वाट्या पाणी घेऊन अर्धा तास भिजू द्यावे, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे सतत ढवळत शिजवावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण काचेसारखे झाले की उतरवावे आणि गार झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढावे. पावसाळ्यात ही खळ दोन दिवसांच्या वर ठेवू नये. टिकावी म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत असत. कीड त्याने दूर राहते हे खरे असले, तरी त्यातील तांबे कागदाचे तंतू लवकर झिजवते; म्हणून तो जुना उपाय मी वापरत नाही आणि थोडी थोडी खळ शिजवतो.

मिथाइल सेल्युलोज हा तिसरा पर्याय आहे. ही भुकटी थंड पाण्यात भिजवली की दाट लापशीसारखी होते, टिकाऊ असते आणि किडीला तिच्यात विशेष रस नसतो. धरण्याची शक्ती मात्र कमी आहे. कण्यावरचा जुना, कडक झालेला थर ओला करून मऊ करण्यासाठी तिच्यासारखे दुसरे काही नाही, आणि खळीत थोडी मिसळली तर खळ सावकाश सुकते, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यात काम करायला उसंत मिळते. बाटलीतला डिंक सुकल्यावर तडकतो, आणि काडीसारखा फिरवायचा गोंद शाळेच्या प्रकल्पाबाहेर वापरू नये. पारदर्शक चिकटपट्टीचे तर नावच काढू नये: काही वर्षांत प्लॅस्टिक गळून पडते आणि कागदात मुरलेला तपकिरी डाग तेवढा मागे राहतो.

फाटलेल्या पानासाठी कागद निवडताना वजन व तंतू या दोनच गोष्टी पाहाव्यात. कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून केलेला पातळ जपानी टिश्यू सर्वांत उत्तम, कारण त्याचे तंतू लांब असतात आणि चौरस मीटरला पाच ते बारा ग्रॅम वजनाचा कागद अक्षरांवर लावला तरी मजकूर वाचता येतो. तो स्वस्त नाही, पण एक ताव घरगुती कामात अनेक महिने पुरत असल्याने मी याच एका वस्तूवर मोकळ्या हाताने खर्च करतो. नेपाळचा लोकता कागदही लांब तंतूंचा व चिवट आहे आणि बराच कमी पैशांत मिळतो. फक्त तो जाडसर असल्यामुळे कोऱ्या समासासाठी, फर्म्याच्या बाहेरच्या घडीसाठी आणि कण्याच्या अस्तरासाठी वापरावा. अहमदाबादच्या कलमखुशमध्ये किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होणारा हातकागद सुंदर असतो, पण सुती चिंध्यांचा हा जाड कागद वेष्टनाला व आतल्या अस्तराला शोभतो. फाटलेली रेघ सांधण्यासाठी तो नाही. उत्तरायणात गल्लोगल्ली मिळणारा पतंगाचा कागद पातळ असल्याने मोह होतो खरा, पण त्याचा रंग खळीच्या ओलाव्याने उतरून पानावर पसरतो, म्हणून तो कंदिलासाठीच राखून ठेवावा. ट्रेसिंगच्या कागदाचा विचारही करू नये, कारण ओला होताच तो लाटांसारखा उठतो.

टिश्यूची पट्टी कात्रीने कापू नये. मोजपट्टी लावून पाण्यात बुडवलेल्या बारीक कुंचल्याने रेघ ओढावी आणि कागद दोन्ही हातांनी हळूच अलग करावा, म्हणजे कडेला मांजराच्या मिशांसारखे तंतू सुटतात. पट्टीला खळ लावून ती चिरेवर ठेवली की हेच तंतू जुन्या कागदात बेमालूम मिसळतात, आणि कडक कड नसल्याने पान पुढे तिथे मोडत नाही.

दोऱ्याच्या बाबतीत बडोदेकरांचे नशीब थोर आहे. लिननचा दोरा ताणला जात नाही व वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून जुजबंदीच्या, म्हणजे फर्मे एकमेकांना जोडण्याच्या, शिलाईला तोच श्रेष्ठ. पण तो येथे सहज मिळत नाही आणि मागवला तर पोस्टाचा खर्च दोऱ्याच्या किमतीला लाजवतो. जानेवारीच्या आधी पतंगाच्या दुकानांत मिळणारी साधी सुती दोरी, जिला काच व रंग चढवलेला नाही अशी, सहा तारांची घेतली, तर साधारण जाडीच्या पुस्तकासाठी ती अगदी समाधानकारक ठरते. एका फिरकीत आयुष्यभराची पुस्तके शिवून होतील. दोरी विकत घेताना ती सुतीच आहे याची खात्री मात्र करावी: टोक जाळले असता सुताची राख होते आणि कृत्रिम धाग्याची गाठ वितळून बसते. वापरण्यापूर्वी ती मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढावी. मेणबत्तीचे मेण कोरडे असते व त्याचे कण पानांत पडतात.

हत्यारांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण इथे चूक झाली तरी ती पुस्तकात शिल्लक राहत नाही. घडी दाबण्यासाठी हाडाचा किंवा टेफ्लॉनचा फोल्डर विकतात. बांबूची वीतभर चीप बारीक पॉलिश पेपरने घासून, टोक गोल करून घेतली, तर तेच काम होते. चांभाराची आरी वापरू नये, तिची आकडी कागद ओरबाडते. सरळ टोचा किंवा मूठ बसवलेली जाड सुई पुरे. कटरऐवजी सर्जिकल दुकानातून तीन नंबरची मूठ आणि अकरा नंबरची पाती घ्यावीत, कारण ती कारागिरीच्या दुकानातील सुरीपेक्षा अधिक धारदार असून बहुधा स्वस्तही पडतात. पुठ्ठ्यासाठी मात्र मोठा, अठरा मिलिमीटर पात्याचा कटरच हवा. पट्टी स्टीलचीच असावी. कापण्याची चटई सोय म्हणून चांगली आहे, पण जुन्या काचेच्या तावावर किंवा जाड पुठ्ठ्यावरही काम होते, फक्त पात्याची धार लवकर जाते. लाकडी स्क्रूची दाबयंत्रे हौशी माणसाला परवडत नाहीत आणि त्यांची गरजही नाही. प्लायवुडचे दोन तुकडे, दोन सी-क्लॅम्प आणि संगमरवराच्या दुकानात उरलेला ग्रॅनाइटचा एक तुकडा एवढे पुरते. माझ्याकडे वजन म्हणून आजीची कोळशाची इस्त्री आहे आणि ती अजून एकदाही कमी पडलेली नाही.

वेष्टनाचा पुठ्ठा घेताना पिवळा स्ट्रॉबोर्ड आणि करडा कप्पा बोर्ड यांतील फरक दुकानदाराला विचारावा. स्ट्रॉबोर्ड हलका व स्वस्त असतो, पण आम्लयुक्त असून कोपऱ्यांवर लवकर चुरगळतो. करडा बोर्ड थोडा महाग असला तरी कापला तर कड स्वच्छ निघते. दुकानात जाडी औंसात सांगितली तरी घरच्या पुस्तकासाठी दोन मिलिमीटर पुरतात, हे लक्षात ठेवावे. पुठ्ठा आणि अस्तराचा कागद या दोन्हींचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर असावा लागतो, अन्यथा वाळताना वेष्टन पापडासारखे वळते. हातात धरून दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिले, तर ज्या बाजूला कमी विरोध होतो त्या घडीला समांतर तो ग्रेन असतो. कापडासाठी तयार बकरम घेतला, तर तो पाणी फारसे पीत नाही आणि काम नीटनेटके होते. मांजरपाट किंवा जुन्या सुती साडीचे कापड वापरायचे असेल, तर त्याच्या पाठीला आधी खळीने पातळ कागद चिकटवून वाळवावा, नाही तर खळ वर येऊन डाग पडतात. कण्याच्या आतील जाळीदार कापडाला इंग्रज बाइंडर ‘मल’ (mull) हे जे नाव देतात, ते आपल्या मलमलीवरूनच आलेले आहे. तेव्हा त्यासाठी वेगळी खरेदी करण्याऐवजी धुतलेली मलमल सुखाने वापरावी.

यातील टिश्यूचा ताव, लोकता, सर्जिकल पाती, मूठ, स्टीलची पट्टी, सुया, मेण आणि पतंगाची दोरी एवढे एकत्र घेतले, तर माझ्या अनुभवाप्रमाणे हजार-बाराशे रुपयांत भागते, कारण खळ स्वयंपाकघरातून येते. बोर्ड व कापड पहिले पुस्तक पूर्ण उसवून वेष्टन बदलण्याची वेळ येईपर्यंत घेऊच नये. शहरात ललित कला विद्याशाखा असल्यामुळे कलासाहित्याची दुकाने येथे आहेत. पातळ कागदाची चौकशी आधी तिथे करावी आणि नाइलाज झाला तरच बाहेरून मागवावा.

पाने हाताळतानाच कडेने तुटत असतील, शाई पाण्याने पसरत असेल किंवा हस्तलिखित पोथी असेल, तर मात्र वरीलपैकी काहीही न वापरता ती स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी. साधे पुस्तक बाजारातील बाइंडरला देणार असाल, तर काम सांगताना पहिले वाक्य हेच असू द्यावे की कडा कापायच्या नाहीत. मी एकदा ते सांगायला विसरलो. पुस्तक देखणे होऊन परत आले, तिन्ही कडा सुरीसारख्या सरळ होत्या, आणि आजोबांनी समासात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या टिपणांपैकी प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरे बाइंडरच्या दुकानातल्या रद्दीत गेली होती. तेव्हापासून मी पुस्तकासोबत एक चिठ्ठी देतो, ती पहिल्या पानाला क्लिपने लावतो, आणि त्या क्लिपखाली गंज उतरू नये म्हणून कागदाची घडी ठेवतो.