रसायन-पेटी: माल चांगला, खिळे खोटे

नात यंदा दहावीला, गुजराती माध्यमात. घरात मराठी आणि शाळेत विज्ञान गुजराती, म्हणून हट्टाने पुण्याहून मराठी माहितीपत्रक असलेली ही पेटी मागवली. 1,150 रुपये. चौथ्या दिवशी बडोद्यात, दांडिया बाजारात दारात हजर. पहिली चकमक शब्दांवरूनच झाली. एक पदार्थ फुटून अनेक झाले, तर त्याला पेटी म्हणते ‘अपघटन’, तिचं पुस्तक म्हणतं ‘विघटन’. दोन्ही बरोबर आहेत हे पटवण्यात एक संध्याकाळ गेली.

पेटीत सहा परीक्षानळ्या (एक तडकलेली), मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार), खाण्याचा सोडा, व्हिनेगर, कळीचा चुना, सिल्व्हर नायट्रेटची बुटकी बाटली आणि अभिक्रियांची 24 कार्डं. प्रयोग करायचा आणि कार्ड चार रंगीत खणांपैकी एकात टाकायचं: संयोग, अपघटन, विस्थापन (एकाने दुसऱ्याला हुसकावणं), दुहेरी विस्थापन (दोघांनी जोडीदारांची अदलाबदल करणं).

चुन्याचा प्रयोग झकास. पाणी पडताच नळी हाताला चटका देते. आमच्या वाड्यात दिवाळीआधी पिंपात चुना असाच रटरटायचा, आणि आम्हा मुलांना दहा हात लांब उभं करायचे. दोन पदार्थांचा एक झाला, कार्ड संयोगाच्या खणात. वाद नाही.

वाद खिळ्यापाशी. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा बुडवला की त्यावर तांबं चढतं आणि पाणी हळूहळू फिकट हिरवं होतं, असं कार्डावर लिहिलंय. अर्ध्या तासाने पाहिलं तर खिळ्यावर काळपट-तपकिरी थर आणि पाणी जवळजवळ बिनरंगाचं. “आबा, हिरवं कुठाय?” मी मकरपुऱ्यात प्लेटिंगच्या शॉपमध्ये 31 वर्षं काढली आहेत. दुसरा खिळा हातात घेतला आणि चमक बघूनच कळलं, जस्ताचा मुलामा! म्हणजे तांब्याला हुसकावलं ते जस्ताने, आणि जस्ताच्या सल्फेटला रंगच नसतो. प्रकार विस्थापनाचाच, पण हिरवा रंग लोखंडाच्या सल्फेटचा, तो येणार कुठून? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून साधे लोखंडी खिळे आणले, पॉलिश पेपरने घासले, आणि हिरवट झाक आली. कंपनीला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “आजोबा, खिळा तो खिळा.”

दुसरी तक्रार कार्डांची. सोडा आणि व्हिनेगरचं कार्ड ‘दुहेरी विस्थापन’ म्हणून मोकळं होतं. मग तो फसफसणारा वायू कुठला? अदलाबदलीत आधी कार्बोनिक आम्ल तयार होतं, ते टिकत नाही, लगेच फुटून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. म्हणजे अदलाबदलीच्या पाठोपाठ अपघटन. हे पत्रकात एका ओळीत सांगता आलं असतं.

आणि रेडॉक्सला खणच नाही! खरं तर पाचवा खण करून भागणारही नाही, कारण चार खण विचारतात कोण कुणाला सोडून कुठे गेलं, आणि रेडॉक्स विचारतं इलेक्ट्रॉन कोणी दिले, कोणी घेतले. लोखंडाने दोन दिले, तांब्याने घेतले, म्हणून खिळ्याचं कार्ड विस्थापनही आणि रेडॉक्सही. मॅग्नेशिअमची फीत जळते ती संयोगही आणि रेडॉक्सही. पण वरचा चुना-पाण्याचा संयोग रेडॉक्स नाही, तिथे देवाणघेवाणच झालेली नाही. नातीला हे माझ्याआधी खटकलं होतं. “आबा, हे कार्ड दोन खणांत बसतंय.”

पैसे वसूल झाले ते सिल्व्हर नायट्रेटने. मिठाच्या पाण्यात चार थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका, म्हणजे दुहेरी विस्थापन. तीच नळी गच्चीवर उन्हात ठेवली तर साका करडा पडत गेला, प्रकाशाने झालेलं अपघटन. एका नळीत दोन खण. (हातमोजे पेटीत नाहीत. माझं बोट काळं पडलं, ते आठवडाभर तसंच होतं.)

मूल एकटं बसणार असेल तर घेऊ नका. शेजारी कोणी जाणतं बसणार असेल तर घ्या, आणि खिळे आपले आणा. 5 पैकी 3 तारे. नातीने खटकणारी कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर पुन्हा लिहून काढली आहेत, प्रत्येकी दोन प्रती.