हवा मोजणारे हातातले यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावातून कोळशाचे ट्रक रात्रंदिवस जातात आणि आकाश निवळले की औष्णिक केंद्राच्या चिमण्याही दिसतात, म्हणून दिवाळीनंतर मी पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारे हे छोटे यंत्र मागवले. आतला पंखा हवा ओढतो, लेझरच्या प्रकाशात सूक्ष्म कण किती चमकतात त्यावरून त्यांचे प्रमाण काढले जाते आणि एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत, ते पडद्यावर उमटते. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा ६० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. यंत्र मात्र त्या क्षणाचा आकडा दाखवते, हे विसरून चालत नाही.

सर्वांत मोठा आकडा मला ट्रकांच्या रस्त्यावर मिळाला नाही, तो आमच्याच स्वयंपाकघरात चूल पेटवताना मिळाला. (घरी हे सांगितल्यावर दोन दिवस चहा उशिरा आला.) त्याखालोखालचा आकडा शेजारच्या शेतात पऱ्हाटी जाळली त्या संध्याकाळचा होता. धुवारी पडलेल्या पहाटेचे आकडे मी धरत नाही, कारण दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्राला ते मोठे दिसतात. धुळीने पंखा दोनदा अडकला, माहितीपत्रकात मराठीची एक ओळही नाही, पण बॅटरी भारनियमनात पुरते.

खरी उणीव मुंबईत कळली. पुतण्या माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी राहतो. जुलैत पाऊस पडून गेल्यावर तिथे उग्र वासाने डोळे चुरचुरत होते आणि पडद्यावर हिरव्या रंगात ‘चांगली हवा’ होती. पावसाने धूळ बसली होती. पण बेंझिनसारखी बाष्पे आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू आहेत, ते या यंत्राला दिसतच नाहीत. याच परिसरातील बाष्पांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०२० साली चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्यास सांगितले होते. आमच्याकडच्या चिमण्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडबाबतही यंत्र तितकेच आंधळे आहे.

त्यामुळे चूल, रस्त्याची धूळ आणि शेतातला धूर यांसाठी हे यंत्र जरूर घ्यावे. कारखान्याच्या वासाने त्रस्त असलेल्यांनी यावर पैसे घालू नयेत. माहुलला ते ठेवून येणार होतो, पण पुतण्या नको म्हणाला.