आजोबांच्या फियाटचं इंजिन कुणी बघितलंय का?

पाच लाख दहा हजार रुपये, आजोबांची जुनी गाडी नवी करून घ्यायला एका गॅरेजला दिलेले. त्यातले दोन लाख वीस हजार रोख दिले, म्हणजे त्यांचा कागद नाही, म्हणजे ते गेलेच असं धरून चाललेय. उरलेल्यांसाठी भांडण चालू आहे. पण हे लिहायला बसले ते पैशांसाठी नाही, एका इंजिनासाठी. शेवटी त्याची खूण दिली आहे, तेवढी वाचाच.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७९ची, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. आमच्या घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, ती ‘फियाट’च. आण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नंबर लावून वाट बघून घेतलेली. आण्णांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, छत्तीस वर्षं. ऑइल इंजिनांचे पार्ट करायचे. २०१४ साली गाडीचं पासिंग संपलं, त्याच वर्षी आजी गेली, आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

मी पुण्यात नोकरीला. २०२२च्या दिवाळीत घरी आले तेव्हा आण्णा म्हणाले, “हँडल फिरतंय का बघूया की.” म्हणजे इंजिन हाताने फिरवायचं हँडल. फिरलं नाही. इंजिन जाम झालं होतं. मग दर दुसऱ्या शनिवारी मी कोल्हापूरची गाडी धरायची आणि रविवारभर आम्ही दोघं शेडमध्ये. डिकीतून उंदराचं घरटं निघालं, सीटखाली आजीची एक हेअरपिन निघाली, ती आण्णांनी काही न बोलता खिशात टाकली. प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि ऑइल ओतून ठेवायचं, रोज सकाळी ते हँडलला हलका झोका देऊन बघायचे आणि मला फोन करायचे. “आज सुताएवढं हाललं.” फेब्रुवारीत एका रविवारी हँडल पूर्ण फिरलं. गाडी चालू झाली नव्हती, नुसतं हँडल फिरलं होतं, तरी आण्णांनी शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं.

इथेच थांबून, हळूहळू, आमच्या आम्ही केलं असतं तर हा लेख झाला नसता. पण मला घाई. आण्णा तेव्हा एक्क्याऐंशीचे. मनात सारखं तेच, की त्यांनी चालवावी. इन्स्टाग्रामवर पुण्याजवळचं एक गॅरेज सापडलं, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारं. काळ्या पार्श्वभूमीवर चकाकणाऱ्या गाड्या, मागे संगीत. मालक फोनवर इतका गोड की विचारू नका. साडेतीन लाख, चार महिने, एक लाख अ‍ॅडव्हान्स. मी लेखी एस्टिमेट मागितलं तर म्हणाला, “मॅडम, जुन्या गाडीचं पोट उघडल्याशिवाय कसं लिहून देणार?” हे वाक्य मला तेव्हा प्रामाणिक वाटलं होतं. आणि पुढे म्हणाला, “आजोबांना आता मध्ये आणू नका. डायरेक्ट सरप्राईज देऊ.”

नंतर कितीदा विचार केला या वाक्याचा. अख्ख्या व्यवहारात गाडीतलं कळणारा माणूस एकच होता आणि त्यालाच पहिल्या फोनमध्ये त्याने बाहेर बसवलं. मीही आनंदाने बसवलं.

मार्च २०२३मध्ये गाडी फ्लॅटबेडवर चढवून पुण्याला नेली. आण्णा दारात उभे होते. एवढंच म्हणाले, “काढलेलं सामान परत माग बरं का. सगळं.” त्यांच्या दुकानात ती रीतच होती. जुना बुश, जुनी बेअरिंग, काहीही बदललं की जुनं फडक्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात. मी हो म्हणाले आणि एकदाही मागितलं नाही.

पुढे फोटो येऊ लागले. मी ते आण्णांना पाठवायची, सरप्राईज वगैरे आठवडाभरही टिकलं नाही. एका फोटोत आतला पत्रा उघडा करून प्रायमर मारलेला. आण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “ह्याचा गिअर खाली हाय. बोगद्याला भोक बघ. आपली गाडी नव्हं ही.” बोगदा म्हणजे गाडीच्या तळाचा मधला उंचवटा. नंतरच्या पद्मिन्यांना गिअर तिथे खाली आला, आमचा वर, स्टिअरिंगला. मी मालकाला विचारलं. तो हसला, “चुकून दुसऱ्या जॉबचा फोटो गेला मॅडम.” माझं समाधान झालं. आज वाटतं, चुकून गेला तर आमच्या जॉबचा कुठे होता? तो त्याने त्यानंतरही पाठवला नव्हता.

मग बंपरचं निघालं. क्रोम गेलंय, ओव्हररायडर (बंपरवरचे उभे तुकडे) इटलीहून मागवावे लागतील, कस्टम धरून साठ हजार, रोख, कारण ‘एजंटला कॅशच लागते’. आण्णा फोनवर खवळलेच. “अगं ही गाडी कुर्ल्याला झाली! इटलीला काय मागवायलाय त्यो?” खरंच आहे. मूळ फियाट ११०० इटलीची, पण आपली पद्मिनी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात व्हायची आणि बहुतेक सामान इथलंच. जे ‘इटलीहून’ आलं त्याच्या खोक्याच्या आतल्या बाजूला नाना पेठेतल्या एका दुकानाचा शिक्का होता. तो मला गाडी घरी आल्यावर दिसला, कारण खोकं डिकीत स्टेपनीखाली दाबून ठेवलं होतं. चोराने एवढं तरी नीट करावं.

ऑगस्टमध्ये फोन, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला, क्रॅक आहे. फोटो आला, गंजक्या लोखंडावर एक काळी रेघ. आण्णा म्हणाले, “क्रॅक असता तर डिझेल टिकलं असतं का त्यात? पाण्याच्या वाटेनं गेलं असतं. तू जाऊन बघ.” मी गेले. गॅरेजच्या पुढच्या खोलीत चहा मिळाला. आत जायचं म्हटलं तर पेंटचं काम चालू आहे, धूळ नको. मी परत आले आणि आण्णांना म्हणाले, “ते प्रोफेशनल लोक आहेत हो, त्यांना कळतंय.” हे शब्द माझे. चाळीस हजार इंजिनाच्या कामाचे, रोख.

ऑक्टोबर २०२३च्या शेवटी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. सगळीकडे बातम्या, लोक हळवे झालेले. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि ती शेवटची टॅक्सी ताडदेवला ऑक्टोबर २००३मध्ये नोंदलेली, म्हणून तो दिवस. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन, “मॅडम, बघितलंत ना? आता पद्मिनीचे पार्ट सोन्याच्या भावात.” आणखी साठ हजार. खरं तर एवढ्या टॅक्सी भंगारात जातात तेव्हा सुटं सामान, इंजिनं बाजारात वाढतात, आटत नाहीत. हे गणित शाळेतल्या पोराला जमेल. मला जमलं नाही, कारण मीही बातमी वाचून हळवी झाले होते.

आणि पंचवीस हजार ‘व्हिंटेज नंबर’चे. २०२१च्या नियमांनी जुन्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची, हे खरं. पण पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी लागते आणि नव्या नोंदणीची सरकारी फी वीस हजार आहे. आमची गाडी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. ती नोंदणी होऊच शकत नव्हती. नियम नेटवर दोन मिनिटांत सापडतो. मी शोधला तो पैसे दिल्यावर सात महिन्यांनी.

एप्रिल २०२४मध्ये गाडी कोल्हापूरला उतरली. दिसायला, काय सांगू, लग्नातल्या नवरीसारखी. गल्ली जमली. आण्णांनी चोक ओढला, गाडी लगेच चालू झाली. ते अर्धा मिनिट ऐकत राहिले आणि बंद केली. म्हणाले, “आवाज आपला नव्हं.”

बॉनेट उघडलं. रॉकेलचं फडकं मागितलं. स्टार्टरच्या वरच्या बाजूला ब्लॉकचा एक सपाट भाग येतो, तिथला नवा सिल्व्हर रंग त्यांनी हळूहळू पुसून काढला आणि अंगठा फिरवला. परत फिरवला. मग माझा हात धरून माझं बोट तिथे ठेवलं. गुळगुळीत. १९९३मध्ये त्यांनी स्वतः या इंजिनाला स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बसवले होते आणि दुकानाची खूण म्हणून तिथे सेंटर पंचाने तीन ठिपके मारले होते, त्रिकोणात. ते नव्हते. इंजिन नंबर आर.सी. बुकाशी ताडून बघितला, एकही आकडा जुळेना. आमचं घरच्या घरी सोडवलेलं, बोर (सिलिंडरचं भोक) चांगला असलेलं इंजिन कुणा दुसऱ्या हौशी गिऱ्हाइकाच्या गाडीत गेलं असणार आणि आम्हाला कुठल्यातरी टॅक्सीचं रंगवून मिळालं.

फोन केला. आधी “सांगितलं होतं ना मॅडम, ब्लॉक बदलला.” जुना कुठे? “भंगारात.” मग मी आर.सी.चा विषय काढल्यावर आवाज खाली आला, “त्याचं टेन्शन घेऊ नका, तुमचा नंबर पंच करून देतो. दोन हजारांचं काम.” स्पीकर चालू होता. आण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला, एक शिवी दिली (ती इथे लिहीत नाही, पण अस्सल उद्यमनगरची होती) आणि बंद केला. कुणी तुम्हाला असं सुचवलं तर हसण्यावारी नेऊ नका. इंजिनावर किंवा चासीवर खोटा नंबर मारणं हा गुन्हा आहे आणि पकडली जाते ती गाडी, म्हणजे तुम्ही.

वाटलं, निदान बॉडी तरी झाली. जूनमध्ये दारांखालच्या रंगाला फोड आले. जुलैत मागचं चाक पंक्चर झालं, अंगणातच, तर मी जॅक लावला. चार फेऱ्या दिल्या आणि करकर आवाज आला. चाक उचललं जाण्याऐवजी जॅक वर पत्र्यात घुसला. भोकातून लांबीचे, म्हणजे रंगाआधी भरतात त्या पुट्टीचे, ढेकूळ पडले आणि त्यामागून वर्तमानपत्राचा ओला बोळा. आण्णांनी तो ताटात ठेवून उलगडला. तारीख सप्टेंबर २०२३. म्हणजे सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करण्याऐवजी पोकळीत पेपर कोंबून वरून लांबी भरली होती, आणि ती ह्यानेच, आधीच्या कुणी नाही, याचा पुरावाही त्यानेच आत ठेवला होता. या गाडीला वेगळी चासी नसते. तो पत्रा म्हणजेच तिची हाडं. वेगात असताना काय झालं असतं ते सांगायला नको. मग मी फ्रिजवरचं अंबाबाईचं मॅग्नेट आणून सगळ्या गाडीवर फिरवलं. पत्रा असेल तिथे चिकटतं, लांबी जाड असेल तिथे घसरून पडतं. चार ठिकाणी अंबाबाई खाली पडली. हे मॅग्नेट गाडी ताब्यात घेताना खिशात असतं तर!

पोलिसांनी आधी ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा लेखी अर्ज, फोटो, बँकेचे उतारे, तो पेपर प्लास्टिकच्या पिशवीत, असं सगळं घेऊन गेले आणि पोच घेतली. इंजिन गायब आहे हे चोरी-अपहाराचं सांगणं वेगळं आणि ‘काम नीट केलं नाही’ हे वेगळं, दोन्ही एका दमात सांगितलं की पहिलं दुसऱ्यात बुडतं. हे मला वकिलांनी शिकवलं. ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. गॅरेज पुण्याकडचं असलं तरी २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, अर्ज ऑनलाइन होतो आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. माझे कागदावरचे दोन लाख नव्वद हजार, म्हणून फी शून्य. रोख दिलेल्यांचं मी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘रिसिव्ह्ड मॅडम’ दाखवू शकते. दोन ठिकाणी तेही नाही, नुसता अंगठा आहे.

गाडी परत शेडमध्ये आहे, विटांवर. पत्र्याचं काम आम्हीच काढलंय, आण्णांच्या जुन्या कारागिराचा मुलगा रविवारी वेल्डिंग मशीन घेऊन येतो. आण्णा खुर्चीवर बसून ओरडतात. अडलंय ते इंजिनाशी. आत्ताचं इंजिन आर.सी.वर चढवायचं तर ते कुठून घेतलं त्याचं बिल लागतं. बिल गॅरेजवाला देत नाही, कारण दिलं तर आमचं काढल्याचं कबूल होतं.

म्हणून एवढंच मागणं. २०२३च्या ऑगस्टनंतर ज्यांनी पद्मिनी किंवा ११०० फियाटसाठी तयार इंजिन विकत घेतलं असेल त्यांनी एकदा बॉनेट उघडा. स्टार्टरच्या वर, ब्लॉकच्या सपाट भागावर रंग असेल तर रॉकेलने पुसा आणि अंगठा फिरवा. त्रिकोणात तीन ठिपके लागले तर कमेंटमध्ये कळवा. तुम्ही पैसे देऊन घेतलंय, तुमच्याशी भांडण नाही. ते कुणाकडून घेतलंत, तेवढं सांगा.