बेसमेंटमधला संडास: पेटी बसवावी की खड्डा काढावा?

रस्त्यातलं ड्रेनेजचं चेंबर तीन फूट खोल आणि आपल्या बेसमेंटची फरशी रस्त्यापासून सात फूट खाली. असा मामला असला की उताराचं नाव काढायचं नाही. मैला वर ढकलावाच लागतो, म्हणजे मोटर आलीच. पुढं वाटा दोन. कमोडमागं मॅसरेटरची पेटी बसवायची, नाहीतर फरशी फोडून खड्डा काढायचा आणि त्यात सीवेज पंप सोडायचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात दोन्ही करून झालंय. आधी पेटी, मग खड्डा. खर्चही दोनदा झाला, तेव्हा निदान दुसऱ्याचा तरी एकदाच व्हावा म्हणून लिहितोय.

आमच्या बेसमेंटमध्ये बायकोचा शिवणवर्ग चालतो. सहा-सात बायका, दिवसभर. दर वेळी जिना चढून घरात यायला त्यांना संकोच वाटायचा, म्हणून हा उद्योग.

पेटीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरं आहे. बसवायला दीड दिवस लागला. फोडाफोड नाही, धूळ नाही, वर्ग एक दिवस बंद ठेवावा लागला तेवढाच. आत पाती असतात, ती मैल्याची पातळ लापशी करतात (जेवताना वाचत असाल तर माफ करा) आणि सव्वा इंची पाइपातून ती वर जाते. पाइप बारीक असल्यानं भिंतीच्या कडेनं कुठूनही नेता येतो. कमोड मात्र मागं तोंड असलेला, म्हणजे पी ट्रॅपचा लागतो. इंडियन पॅन हवं असेल तर पेटीचा विचार सोडा. दर फ्लशला ती दहा-पंधरा सेकंद घरघरते. आवाज मिक्सरइतका, माझ्या कानाला तरी. वर्गातल्या बायका हसायच्या, पण शिलाई मशिनच्या गोंगाटात तो खपून जायचा. फॉलचा दोरा पात्यांना गुंडाळून ती दोनदा अडकली. दोन्ही वेळा मीच हातमोजे घालून उघडली. त्याचंही एवढं काही नाही.

माझी खरी अडचण झाली ती फरशीवरच्या पाण्याची.

पेटीची सगळी तोंडं फरशीच्या वर असतात. नहाणीचा ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जायची जाळी, फरशीच्या खाली. खालचं पाणी वर चढून पेटीत कसं जाईल? उपाय एकच, अख्ख्या बाथरूमची फरशी सात-आठ इंच उचलायची. आमच्याकडं बीमखाली उंची जेमतेम साडेसहा फूट, तिथं उचलणार किती? प्लंबर म्हणाला, "साहेब, ड्राय बाथरूम ठेवा, परदेशात तसंच असतं." मीही मान डोलावली.

पहिल्याच शनिवारी साफसफाईच्या मावशी बादली, फिनेल आणि खराटा घेऊन खाली उतरल्या. बादली ओतायच्या आधी चारी कोपरे बघितले आणि म्हणाल्या, "दादा, पाणी जाणार कुठनं ओ?"

या प्रश्नाला माझ्याकडं दीड वर्ष उत्तर नव्हतं. दर शनिवारी त्या वायपरनं पाणी सुपलीत ओढायच्या, सुपली कमोडमध्ये ओतायच्या, की पेटी घरघरायची. पुन्हा सुपली, पुन्हा घरघर. शिवाय आपल्याकडं जेट असतो, पाय धुतले जातात, चूळ भरली जाते. फरशी कोरडी राहते कुठं? पेटीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी मुरून कुबट वास बसला तो बसलाच. पेटीत दोष नाही. ती ज्या घरांसाठी केली आहे तिथं बादली ओतून संडास धूत नाहीत, एवढंच.

मग खड्डा. तीन बाय तीन, खोली चार फूट. वरचा कोबा, मग मुरूम, आणि शेवटचा फूटभर काळा पाषाण. ब्रेकरवाल्याचे दोन दिवस त्यातच गेले. वर्ग बारा दिवस बंद. खर्च पेटीच्या दीडपट. कॉलमच्या फुटिंगपासून लांब खणा, आणि आरसीसीवाल्याला, म्हणजे स्ट्रक्चरच्या इंजिनिअरला, विचारल्याशिवाय फरशीला हात लावू नका. खड्ड्याला आतून नीट वॉटरप्रूफिंग हवं, नाहीतर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी आत झिरपतं आणि पंप विनाकारण चालत राहतो. झाकण रबर पट्टीचं, घट्ट बसणारं. व्हेंटचा, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारा, पाइप थेट गच्चीवर न्या. आमच्या गवंड्यानं तो खिडकीच्या उंचीवर सोडला होता, पहिला महिना काय झालं ते सांगत नाही.

पंप साखळीला बांधून सोडा, म्हणजे दुरुस्तीला वरूनच ओढून काढता येतो. खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही, कितीही अनुभवी असला तरी. आतला वायू बघता बघता जीव घेतो.

लाइट गेली की काय, हा पुढचा प्रश्न. पेटीत एखाद-दुसऱ्या फ्लशचीच जागा, पण ती घरच्या इन्व्हर्टरवर चालून जाते. अर्ध्या एचपीचा पंप सुरू होताना इन्व्हर्टर मान टाकतो. मात्र फ्लोट (पाणी चढलं की वर येऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच) उचलला जाईपर्यंत माझ्या खड्ड्यात फूटभर पाणी मावतं, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर. खड्डा भरत आल्यावर नेमकी लाइट गेली तर हा हिशेब बिनसतो, म्हणून फ्लोट इनलेटच्या बराच खाली लावून घेतला. आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू नये म्हणून करंट गळताच वीज तोडणारा स्विच, दोन्हीकडं हवाच. पंप बिघडला तर उद्यमनगरात रिवाइंडिंग करून मिळतो, फक्त आधी फिनेलनं धुऊन न्या, नाहीतर दुकानदार दारातच अडवतो. पेटीचा एक वायसर मागवला तर तीन आठवडे लागले होते.

काहीही बसवा, वर जाणारा पाइप रस्त्याच्या पातळीच्याही वर नेऊन मग खाली वळवा आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाका, कारण मुसळधार पावसात चेंबर तुंबून पाणी उलटं येतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या दारात आला, त्या शाहूपुरी-नागाळा पार्कच्या सखल भागातल्यांनी मात्र बेसमेंटमध्ये संडासच करू नये, असं आपलं माझं मत. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा ना पेटी उपयोगाची ना खड्डा.

जागा भाड्याची असेल, खाली पाहुण्यांची एखादी खोली असेल, फरशी फोडायची सोय नसेल, तर पेटी घ्यायला हरकत नाही. आमची अजून माळ्यावर आहे. मेव्हण्यानं मागितलीय. त्याच्या बेसमेंटमध्ये तो एकटाच क्रिकेट बघत बसतो. त्याला चालेल. मावशी काही तिकडं धुवायला जात नाहीत.