सोनोग्राफीचं काम, सीटीचं बिल

मागच्या दिवाळीत आईला रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळा यायला लागल्या. तळलेलं खाल्लं की हमखास, पार खांद्यापर्यंत. जवळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. "सोनोग्राफीत काही कळत नाही हो, थेट सीटीच करा. आणि याच सेंटरला जा." मी नंदीबैलासारखी मान डोलावली. साडेसात हजार भरले.

रिपोर्ट नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू, कळाही सुरूच.

महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "सोनोग्राफी कुठंय?" सकाळी उपाशीपोटी बोलावलं, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. बाराशे रुपये, दहा मिनिटं. आईला डाव्या कुशीवर वळवलं तसे तीन खडे घरंगळताना मलासुद्धा स्क्रीनवर दिसले, मागे काळी सावली घेऊन. कोलेस्टेरॉलच्या काही खड्यांची घनता पित्ताइतकीच असते, ते सीटीत उठून दिसतच नाहीत. म्हणून पित्ताशयाच्या खड्यांसाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच. तिच्यात क्ष-किरणही नाहीत. पोटाच्या एका सीटीत मात्र निसर्गातून दोन-तीन वर्षांत मिळतो तेवढा किरणोत्सार अंगावर घेतला जातो.

सीटीला नावं ठेवत नाही. आतडं अडकलं, स्वादुपिंडाची सूज चिघळली, गाठीची शंका आली, तर तोच लागतो. आतड्यातल्या हवेपुढे सोनोग्राफी हात टेकते. पण आईचं दुखणं त्यातलं नव्हतं, आणि हे पहिल्या डॉक्टरांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

कारण नंतर मी त्याच सेंटरला फोन केला. चिठ्ठी नाही, स्वतःहून करायचाय, किती? "पाच हजार." म्हणजे चिठ्ठीचे अडीच हजार! कमिशन घेणं-देणं भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच निषिद्ध आहे, पण 'कट' हा शब्द रिक्षावाल्यालाही माहीत. पैसे भरण्याआधी हा फोन करा, आणि आधी सोनोग्राफी का नको, हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. मी दोन्ही केलं नाही.

सेंटरवर भांडायला गेलो तर काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, रिपोर्टमध्ये चूक दाखवा." घरी येऊन फाइल उघडली. शेवटच्या ओळीत, बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: पित्ताशयासाठी सोनोग्राफी करून खात्री करावी.